रंगूबाई पाणी पीत नाहीत

कामरगावात लग्न ठरलं की गोधडी रंगूबाईंकडेच शिवायला यायची. जुन्या लुगड्यांचे थर जमिनीवर पसरले की कडेचा टाका पुरा होईपर्यंत त्या उठत नसत. थर सरकला तर गोधडीला पोट येतं, मधेच फुगते, म्हणायच्या. उठावं लागू नये म्हणून पाणीही घेत नसत. वयासोबत ती सवयच झाली.

वैशाखातल्या एका दुपारी त्यांची सुई थांबली. "हे लेकरं कोनाचे? उठवा त्याईले, थर सरकून राह्यला."

गोधडीवर कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सून निकितानं दिलेला पेला त्यांनी अंगणात ओतला. "पाह्य राजू, इनं पाण्यात फवाऱ्याचं औषध टाकलं."

राजूनं, त्यांच्या मुलानं, पेला हुंगला. वास नव्हता. तरी त्यानं बायकोकडे पाहिलं, आणि ते पाहणं तिच्या मनातून जाईना.

मग रंगूबाईंनी पाणी सोडलंच. शेजारची मंजू दारातूनच म्हणाली, "काकूले बाहेरचं लागलं. नाही तं सुनेनंच कायी चारलं असंन."

संध्याकाळी राजूनं निकिताच्या माहेरी, धनजला, मेहुण्याला फोन केला. "तुमच्या बहिणीले घेऊन जा."

सकाळी बॅग भरून झाल्यावर निकिता सासूचं लुगडं धुवायला बसली. शेवटचंच म्हणून. भिजवताच उग्र वास आला. डाग काळ्या चहासारखे. ती तशीच उठली. भावाची जीप दारात लागत होती.

"आईले लघवीचा त्रास हाये," ती राजूला म्हणाली. "जीप आलीच, तं आधी कारंज्याच्या दवाखान्यात चाला. मंग मी धनजले जातो."

"तुले पाह्यलं की आई बोंबलते."

"मी मांगं बसतो. पदर घेऊन."

रस्ताभर रंगूबाई ओरडत होत्या, मले माराले नेऊन राह्यले. मागे पदराआड निकिता बॅग घट्ट धरून बसली होती.

तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "हे वेड नाही. लघवीत जंतू झालेत, अंगातलं पाणी आटलंय. म्हातारपणी अशा वेळी ताप येईलच असं नाही, पण मेंदू गोंधळतो. नसलेलं दिसतं. घरच्यांचाच संशय येतो."

सलाईन लागलं, औषधं सुरू झाली; निकिता तिथंच थांबली. पुढे एका सकाळी रंगूबाईंची नजर ठरली.

"निकी, पाणी दे वं."

पेला रिकामा केल्यावर त्यांना खाटेखालची बॅग दिसली. "एवढे कपडे कायले आनले? कुठं चालली का तू?"

 निकिता खाटेजवळ उभ्या राजूकडे पाहत राहिली.