कॅनवाल्या काकांचं पाणी

आमच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं समुद्राचं पाणी कॅनवाले काकाच आणत. त्यातलं कणभर युरेनियम आम्ही कागदाहून पातळ थरांच्या पदार्थावर टिपायचो. काका निवृत्त झाले आणि आठवड्यात त्या थरांवर बुळबुळीत साय चढली, युरेनियम चिकटेना. आम्ही पाच शहाण्यांनी थरांना, यंत्रांना, एकमेकांना दोष देऊन पाहिला. शेवटी मी काकांच्या घरी गेले.

"काका, पाणी कसं आणायचात?"

"चार पदरी फडक्यातून तीनदा गाळून. घाण पाणी तुमच्या हातात कसं द्यायचं, ताई?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं कुठे?"

परतल्यावर मी आमचा गाजलेला शोधनिबंध उघडला. त्यात आम्ही अभिमानाने छापलं होतं: ‘समुद्राचं पाणी जसंच्या तसं वापरलं.’