सुजाताच्या प्रोग्राममधला एक शब्द

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

आदिलाबादेत, जिल्हा अजून आंध्रात होता तेव्हा, मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. सुजाताही. ती जवळच्या जैनथ गावची, शेतमजुराची मुलगी, माझ्याहून लहान. दोघींपैकी एकीलाच कायम करायचं होतं. क्लासच्या सरांनी चाचणी ठेवली — मुलांच्या मार्कांची लांबलचक यादी क्रमाने लावायची. जिचा प्रोग्राम मशीनवर आधी चालून संपेल, ती राहील.

सुजाताला शेवटची बस गाठावी लागे. म्हणून ती प्रोग्राम वहीत लिहून द्यायची आणि मी तो मशीनवर टाइप करायचे. रोजचंच होतं ते. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी तिची वही वाचतानाच मला कळलं — तिची रीत माझ्यापेक्षा चांगली आहे.

तिने मार्क साठवायचा ॲरे पूर्णांकांचा घेतला होता. बरोबरच होतं, अर्धा मार्क कुणालाच नव्हता. मी तो दशांशांचा केला. एकच शब्द बदलला. उत्तर तेच येतं — फक्त आमचं जुनं मशीन दशांशांशी झगडताना धापा टाकायचं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिले, हाताच्या सवयीने झालं असेल. सवयीने? मग टाइप केल्यावर मी दाराकडे का पाहिलं?

सकाळी माझा प्रोग्राम झटकन संपला. तिचा चालूच.

"जैनथची बस येऊन गेली बाई, तुमचा प्रोग्राम अजून रस्त्यातच!" सर म्हणाले. मुलं हसली. सुजाताही हसली. मग हळूच मला म्हणाली, "ताई, काऊन असा रेंगाळून राह्यला हो? मी तं दोनदा तपासलं होतं."

विचारलं कुणाला — तर मला.

"तुझी रीतच जड आहे," मी म्हटलं. "याला डोकं लागतं."

नोकरी मला मिळाली. अजूनही आकड्यांची यादी चालू लागली, की मला तो न हलणारा पडदा दिसतो, आणि शेजारी तिचा श्वास ऐकू येतो.

मागच्या वर्षी ती बोथच्या बाजारात भेटली. शाळेत क्लार्क आहे. सोबत तिची बारावी झालेली मुलगी होती.

"पुढं कॉम्प्युटरच शिकतो म्हणून राह्यली होती," सुजाता म्हणाली. "मीच नाही म्हटलं. आमच्या घरात ते डोकं नाही. तुमी तवाच सांगितलं होतं — हो ना ताई?"

मुलगी माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं.