शंभरकाकू

गल्लीच्या तोंडाशी कपडे धुऊन, इस्त्री करून देणारं एक दुकान आहे. तिथे गल्ल्यावर बसणाऱ्या बाईंना सगळे शंभरकाकू म्हणतात. खरं नाव विचाराल, तर शेजारच्या न्हाव्यालाही सांगता यायचं नाही. कोणी दारातून आत पाऊल टाकलं, की काकू टाळी वाजवून म्हणायच्या, "आत्ताच नाव काढलं होतं तुमचं! शंभर वर्षं आयुष्य आहे!"

असं आपण सगळेच म्हणतो आणि विसरून जातो. काकू विसरत नसत. नाव निघालं आणि माणूस आला, म्हणजे वरून कुणीतरी पावती फाडून दिली, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"बघितलंस, करड्या कोटवाल्या बाई आल्या. आत्ताच म्हटलं मी, अजून कोट कसा नेला नाही!"

त्यांची मुलगी कोपऱ्यात शिलाई मशीनवर बसून उसवलेले कपडे दुरुस्त करायची. दातातला दोरा न सोडता ती म्हणायची, "आई, टांगलेला एकेक कपडा बघून तू दिवसभर अख्ख्या गावाचं नाव काढतेस. कुणीतरी येणारच ना?"

"मग नेमक्या ह्याच कशा आल्या?"

"जे आले नाहीत ते तू धरतेस कुठे?"

"वकील व्हायचंस तू. उगाच काजं करत बसलीस."

काकूंचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे काका. इस्त्रीचे कपडे सायकलवरून घरोघर पोचवायचं काम त्यांचं. दुपारी काकू डबा उघडत, "हे कुठे राहिले?" म्हणत, आणि बाहेर सायकलची घंटी वाजे.

"शंभर!" काकू ओरडत.

"अगं, आतापर्यंत हजारावर गेलो असेन," काका कॅरियरची दोरी सोडता सोडता म्हणत. "जरा आवरतं घे. म्हातारपणी तुलाच सांभाळावं लागेल मला."

अलीकडे मात्र सायकलवरून उतरल्यावर काका शटरला धरून थोडं उभे राहत. डावा हात चोळत. "गठ्ठे उचलून भरून आलाय," म्हणत. मुलीला ते पटलं नाही. तिने हृदयाच्या डॉक्टरांची सकाळची वेळ घेतली. त्या सकाळी काका टायरमध्ये हवा भरायला गेले होते.

"बाबा कुठेत? निघायला हवं," मुलगी म्हणाली.

"अगं, तुझे बाबा म्हणजे…" काकूंचं वाक्य पुरं व्हायच्या आत काका दारात हजर.

काकूंनी कडकडून टाळी वाजवली. "बघ! नाव काढायचा अवकाश! शंभर वर्षांच्या माणसाला कुठे नेऊन तपासतेस?"

काका डॉक्टरांना आधीच घाबरत. त्यांनी तो धागा लगेच पकडला. "आईचं खरं आहे. मोठ्या इमारतीतले शर्ट आज द्यायचेत. उद्या जाऊ."

मुलगी चिडली, रडकुंडीला आली. काकूंनी स्वतः दवाखान्यात फोन लावला आणि आजची वेळ उद्यावर ढकलली.

दुपारी त्यांनी डबा उघडला. "हे कुठे राहिले?"

घंटी वाजली नाही. पुन्हा म्हणाल्या. मग दाराकडे तोंड करून, जरा मोठ्याने. तेवढ्यात दार ढकललं गेलं.

"शंभर व…"

मोठ्या इमारतीचा वॉचमन होता. त्याच्या एका हातात सायकलची किल्ली आणि दुसऱ्या हातावर शर्टांची चवड, घडी न मोडलेली.

"काकू… काका जिन्यात पडले. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले हो. पण काका गेलेच होते."

टाळीसाठी उचललेले काकूंचे हात तसेच हवेत राहिले.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "मी आत्ताच नाव काढलं त्यांचं."

भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्या हेच सांगत राहिल्या. डोळे कोरडे, आवाज तक्रार केल्यासारखा. शेवटी एकदा मुलीच्याने राहवलं नाही.

"आई, ते जेवायला यायचे! भूक लागली की तुला त्यांची आठवण व्हायची, आणि भूक लागली की ते दुकानात यायचे. एवढंच होतं ते!"

बोलून गेल्यावर तिनेच तोंडावर हात दाबला.

काकू मग हळूच म्हणाल्या, "आणि त्या सकाळी?"

"त्या सकाळी हवा भरून झाली होती, म्हणून आले."

काकूंनी डब्याचं झाकण तेवढं लावून टाकलं.

दुकान पुन्हा उघडलं, तेव्हा सुरुवातीला मुलगीच येत होती. एका सकाळी करड्या कोटवाल्या बाई गल्ल्यापाशी उभ्या राहून विचारत होत्या, "आई कशा आहेत? येतात का दुकानात?" आणि दारात काकू उभ्या.

बाईंना सांत्वनाचं काहीतरी बोलायचं होतं. पण त्या दारात इतकी वर्षं एकच वाक्य ऐकलेलं. जीभ आपसूक वळली.

"अगबाई, आत्ताच तुमचं नाव काढलं! शंभर वर्षं आयु…"

मशीन थांबलं. बाईंनी जीभ चावली.

काकूंनी दाराची चौकट घट्ट धरली. बाईंकडे त्यांनी बघितलंच नाही. त्या बघत होत्या मुलीकडे, जिने वकील व्हायला हवं होतं तिच्याकडे.

"एकटीने शंभर वर्षं? योगायोग असेल," त्या म्हणाल्या. "योगायोगच ना गं?"

"हो, आई," मुलगी म्हणाली. "नुसता योगायोग."