लीलाबाईंचा बिनसाखरेचा चहा

लीलाबाईंच्या घरात साखरेला तोटा नव्हता. कृष्णाकाठचा ऊस, घरचीच माणसं कारखान्याची सभासद, दिवाळीआधी साखरेची पोती दारात येऊन पडायची. तरी यंदा पावसाळ्यात त्या घरचा सकाळचा चहा बिनसाखरेचा झाला, आणि का झाला हे सांगायला लीलाबाई काही केल्या तयार नव्हत्या.

"साखर वाईट. सगळे डॉक्टर सांगत्यात," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांचे यजमान दादासो पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. सरहद्दीवर छाती काढून उभा राहिलेला हा गडी, पण घरात आवाज चढवायची त्यांची कधी छाती झाली नाही. त्यांनी एक घोट घेतला, मिशा पुसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी फिरायला म्हणून चौकातलं हॉटेल गाठायला सुरुवात केली.

खरी गोष्ट अशी की साखर कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली लीलाबाईंच्या कमरेला. फार वर्षांपूर्वी घर रंगवायला आलेला कुणी एक साखरेचा अख्खा डबा घेऊन पसार झाला होता. तो गेला, कुलूप मात्र राहिलं. पुढं संयोगिता सून होऊन आली, तर चमचाभर साखरेसाठी तिलाही सासूला हाक मारावी लागे. पोरगी गुणाची आहे हे लीलाबाईंना दिसत होतं. पण एकदा लागलेला संशय, तो काय सहजासहजी सुटतोय?

श्रावणात गावात चिकुनगुन्या आला. घरोघरी माणसं कण्हत पडली आणि हळूहळू उठून कामाला लागली. लीलाबाईंचाही ताप उतरला, पण बोटांचं दुखणं काही हटेना. सकाळी मूठ वळायची नाही, मनगटं टम्म, किल्ली धरली तरी फिरायची नाही. दहाच्या पुढं हात मोकळे झाले की त्या मुद्दाम भांडी आपटायच्या, म्हणजे कुणाला शंका नको. किल्ली सुनेच्या हातात गेली तर या घरात आपलं काय राहिलं, ही त्यांना धास्ती. त्यापेक्षा सगळ्यांनी अगोड चहा प्यावा, त्यांना चालणार होतं.

गणपती गेल्यावर संयोगिता म्हणाली, "आत्या, माझा हात लय दुखतोय. सांगलीला दाखवून येते."

हिला एकटीला कशाला सोडा, म्हणून लीलाबाई पण निघाल्या. दवाखान्यात नंबर लागला, तर सुनेनं पेशंटची खुर्ची सासूकडं सरकवली.

"डॉक्टर, बघायचंय ते ह्यांना."

डॉक्टर माया मॅडमनी लीलाबाईंची बोटं दाबून पाहिली. "सकाळी आखडतात का हो?"

"न्हाई बाई."

"मॅडम," संयोगिता खाली मान घालून म्हणाली, "साखरेच्या कपाटाची किल्ली आत्यांकडं असती. श्रावणापास्नं आमच्यात सकाळच्या च्यात साखर न्हाई. दुपारच्या च्यात मात्र असती."

मॅडमना हसू आवरेना. लीलाबाईंना चोरी पकडल्यासारखं झालं.

रक्ताचे रिपोर्ट आल्यावर मॅडमनी दोघींना समजावून सांगितलं. "विषाणू अंगात शिरला की अंगातले पहारेकरी उठतात आणि त्याला हाकलून लावतात. मग ते शांत व्हायला पाहिजेत. काहीजणांचे होत नाहीत. चोर गेला तरी त्यांचा संशय जात नाही, आणि ते घरच्याच सांध्यांवर तुटून पडतात. तुमचं चिकुनगुन्यामुळंच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार, पण तसं असू शकतं. एकालाच का होतं आणि दुसऱ्याला का नाही, ते आम्हांलाही पुरतं कळलेलं नाही."

"आन् त्या सांध्यांनी काय केल्यालं असतंय?"

"काही नाही. ते बिचारे घरचेच."

 सून शेजारीच बसली होती, तिच्याकडं बघायचं लीलाबाईंना धाडस होईना.

"मग ह्या पहारेकऱ्याचं काय करायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्याला शांत करायचं. गोळ्या देते. गुण यायला काही आठवडे जातील, मधूनमधून रक्त तपासायचं, आणि आपल्या मनानं गोळ्या थांबवायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर आधण उकळत होतं. लीलाबाईंनी आखडलेल्या बोटांनी कशीबशी कमरेची किल्ली काढली आणि सुनेपुढं धरली. "हे धर. गुण येईपातूर."

संयोगितानं किल्ली घेतलीच नाही. ती कपाटापाशी गेली आणि तिनं कुलपाला नुसता हिसका दिला. कुलूप उघडून हातात आलं.

"आत्या, हे कवाचंच बिघडलंय. मी ह्या घरात आले तवापास्नं नुसतं वडलं तरी उघडतंय."

लीलाबाई बघतच राहिल्या. "मग एवढं दिस अगोड च्या का पिलीस?"

"तुमी साखर दिली न्हाई म्हणून."

लीलाबाईंचे डोळे भरून आले. पोटच्या पोरीसारखी ही पोरगी, आणि आपण तिच्यापासून साखर लपवत बसलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. पण असलं काही बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि किल्ली खिडकीतून घरामागच्या परड्यात भिरकावली.

"आज दोन चमचं जास्ती घाल," त्या म्हणाल्या. "आन् चौकातल्या हॉटेलात जा, सुभेदारास्नी सांग, उद्यापास्नं फिरायला जायचं कारण न्हाई."