तनयची शिकवणी

सिद्धेश बिडवे नक्की कोण, हा प्रश्न लातूरजवळच्या औशात कधी कुणाला पडला नाही. सुधीर सरांचा मुलगा, विषय संपला. सुधीर सर म्हणजे शिकवणीचे सर. पुढच्या खोलीत सतरंजी, भिंतीला फळा, आणि दारावरच्या फ्लेक्सवर दरवर्षी पहिल्या आलेल्या पोरांचे पेढ्याने गाल फुगलेले फोटो. आजोबांच्या काळी अशा माणसाला पंतोजी म्हणत. पंत म्हणजे पंडित, वर आदराचा जी. सरांना तो शब्द आवडत नसे. पंतोजीला एका हातात छडी होती आणि दुसऱ्या हातात लोकांनी दिलेला शिधा. आपले दोन्ही हात रिकामे, असं ते म्हणत.

त्यांच्या शिकवणीचा नियम गावाला पाठ होता. जो वर्गात वरचा, त्याने शिकवणी लावायची. नापास होणाऱ्याला लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यामुळे पोरगं शिकवणीला जातं, ही गोष्ट आईबाप लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला ऐकू जाईल अशी सांगत.

हा नियम सामानात बांधून सिद्धेश पीएचडीला जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला आला. विद्यापीठाने त्याच्या नावापुढे 'ट्यूटोर' लिहिलं, म्हणजे पहिल्या वर्षाच्या पोरांकडून गणितं सोडवून घेणारा. शब्द मूळचा लॅटिन, आणि जुना अर्थ पोरक्या मुलांचा पालक. सोमवारी सकाळची बॅच समोर बसली की त्याला तो अर्थ मनापासून पटायचा.

इथल्या मराठी लोकांच्या दिवाळीच्या फराळाला नंदिनीताईंनी त्याला गाठलं. त्या कोथरूडच्या, इथे सॉफ्टवेअरमध्ये. मुलगा तनय चौथीत. मुलगा पुढे गिम्नाझियमला जायच्या तोलाचा आहे की नाही, याची शिफारस इथे चौथीतच होते. गिम्नाझियम म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा. ताईंच्या सासूबाईंना ती अजून व्यायामशाळाच वाटते.

"तुम्ही लातूरकडचे ना?" ताई म्हणाल्या. "मग झालंच. त्याचं गणित घ्या."

"कच्चं आहे का?"

"छे, वर्गात पहिला असतो. म्हणून तर."

सिद्धेशला गावी आल्यासारखं वाटलं.

तनयला मराठी सगळी कळायची, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. पहिल्याच दिवशी आई म्हणाली, "सर म्हणायचं यांना." तनयने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि जर्मनमध्ये विचारलं, "सर? मग याचा घोडा कुठंय?" तनयच्या गोष्टींच्या पुस्तकांत सर म्हणजे चिलखतातला घोडेस्वार. तेव्हापासून तो 'सिद्धेश' झाला, तोही एकेरीतला.

अडचण एवढीच की पोराला शिकवण्यासारखं काही नव्हतं. ताईंनी ठेवलेला चहा गार व्हायच्या आत गणितं संपायची. उरलेल्या वेळात दोघं एकमेकांकडे बघत बसायचे. सिद्धेशची जर्मनची बी-टू परीक्षा डोक्यावर होती, बोलण्याच्या भागात तो एकदा आपटला होता, आणि ती सुटल्याशिवाय इथे नोकरीचं नाव नको. तनयने त्याला दोन वाक्यं बोलताना ऐकलं आणि कपाळाला हात लावला. तिथून दुसरी शिकवणी सुरू झाली.

"पूल बाई आहे, सिद्धेश. कितीदा सांगू?"

"आमच्याकडे तो पुरुष असतो रे."

"तुमच्याकडे असेल. परत म्हण."

आईला सांगायचं नाही, असं दोघांत ठरलं. दाराबाहेरून ताईंना जर्मन ऐकू यायचं आणि त्या खूश व्हायच्या. शाळेच्या भाषेत शिकवतात, केवढी ही तळमळ.

घोटाळा झाला तो शाळेत, पालकांच्या भेटीत. वर्गशिक्षिका फ्राउ शेफर गुण चांगले आहेत म्हणत शिफारशीच्या काठावर आल्या होत्या. तेवढ्यात ताईंनी आपल्याकडून वजन टाकलं, "शिवाय आम्ही त्याला शिकवणीही लावली आहे." शिकवणीला जर्मनमध्ये त्यांना एकच शब्द येत होता, नाखहिल्फे. त्याचा सरळ अर्थ मागाहून दिलेली मदत. जो मागे पडतो त्याला ती लागते. फ्राउ शेफरनी पेन खाली ठेवलं. चौथीतच ही वेळ, तर गिम्नाझियमचं ओझं पोराला झेपेल का? दुसऱ्याही चांगल्या शाळा आहेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलू.

ताईंचा फोन आला. "अहो सिद्धेश, मी शिकवणी म्हटल्यावर तिचा चेहरा असा झाला, जसं काही मी पोराला टायफॉइड झालाय म्हणाले."

"शिफारस बंधनकारक नसते हो, ताई. शेवटी आईवडीलच ठरवतात."

"आमचा तनय शिफारशीशिवाय जाईल? लोकांना काय सांगू? तुम्ही या आणि सांगा की तुम्ही नाखहिल्फे नाही."

"मग मी कोण म्हणून सांगू?"

"शोधा काहीतरी. पीएचडी करताय ना."

त्याने शोधलं. 'होफमाइस्टर', जुन्या सरदारांच्या पोरांना वाड्यात राहून शिकवणारा. नोकरांहून वरचा, पाहुण्यांहून खालचा. 'हाउसलेरर', घरी येणारा मास्तर, पूर्वी हाही बड्या घरीच असायचा. त्यातल्या त्यात हा बरा, म्हणून ठरलेल्या दिवशी ताई आणि तनयबरोबर शाळेत गेल्यावर त्याने तोच वापरला.

"हाउसलेरर?" फ्राउ शेफर म्हणाल्या. "राजवाडा आहे का?"

"तिसऱ्या मजल्यावर," ताई म्हणाल्या. "भाड्याने."

मग सिद्धेशने औशाचा नियम समजावला. आमच्याकडे हुशारालाच शिकवणी लावतात.

"का?"

हा प्रश्न औशात कुणी विचारलेला नव्हता. "हुशार असतो म्हणून," तो म्हणाला, आणि ते किती पोकळ वाजलं ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

फ्राउ शेफर तनयकडे वळल्या. "तासभर काय करता तुम्ही?"

तनयने सिद्धेशकडे पाहिलं, मग बुटांकडे. "गणित."

"पूर्ण तास? एवढं अवघड जातं?"

एरवी दहा वाक्यं बोलणारा तनय दिलेला शब्द पाळत होता, आणि पाळता पाळता खुर्चीवर अगदी ढ दिसायला लागला होता. सिद्धेशला दारावरचा फ्लेक्स आठवला. वडील हल्ली गावभर सांगत होते, पोरगा जर्मनीत जर्मनांच्या वरताण शिकवणी घेतो.

"गणित लगेच संपतं," सिद्धेश जर्मनमध्ये म्हणाला. "बाकीचा वेळ हा मला जर्मन शिकवतो. नाखहिल्फे माझी चालू आहे."

वाक्यात चूक होती. तनयने सवयीने, हळूच, ती दुरुस्त केली. सिद्धेशने सवयीने वाक्य परत म्हटलं.

फ्राउ शेफरनी तनयला विचारलं, "आणि विद्यार्थी कसा आहे?"

"हळू आहे," तनय गंभीरपणे म्हणाला. "पण प्रयत्न करतो."

हे त्यांचंच प्रगतिपुस्तकातलं वाक्य होतं. त्यांनी पेन उचललं आणि शिफारस लिहिली.

ताईंनी गाडी काढली. पहिल्या सिग्नलला म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस तुम्ही शिकत होतात."

"हो, ताई." शिकवणी सुटली हे तो धरूनच चालला होता.

ताईंनी आरशातून मागे पाहिलं. "तनय, पास होतील का रे हे?"

"फिलाइश्ट," तनय म्हणाला. म्हणजे कदाचित.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात सिद्धेश श्रीखंडाची वाटी घेऊन खांबामागे उभा होता. पलीकडे ताई एका नव्याने आलेल्या जोडप्याला सांगत होत्या, शेजारच्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात.

"आमचा तनय शिकवणी घेतो जर्मनची. युनिव्हर्सिटीतले लोक येतात त्याच्याकडे."

"आमच्या ह्यांनाही लावायची होती हो," नवी बाई म्हणाली. "ऑफिसात फार अडतं त्यांचं."

ताईंनी त्या ह्यांच्याकडे जरा विचार करत पाहिलं.

"विचारते," त्या म्हणाल्या. "पण तो फक्त हुशारांनाच घेतो."