हरीने तिथी पाहिली नव्हती

हरी गेल्याचे मला त्याच्या पुतण्याने, नरेशने, फोनवर कळवले. मी रोह्यात, तो पेणच्या खाडीकाठी त्यांच्या गावात. आवाज तुटत होता. "काका झोपेतच गेले," एवढेच ऐकू आले. पुढे दशक्रियेला जमलेल्या मंडळींना याच नरेशने हरीची ती प्रसिद्ध हकिगत सांगितली : जन्मभर मिठागरात राबलेला, तिथीवरून भरती-ओहोटी ओळखणारा माणूस कुंडलिका नदीत होडी घालतानाही तिथी बघून गेला आणि धरणाच्या पाण्यात सापडला! लोक डोळे पुसता पुसता हसले. कोणीतरी पुस्ती जोडली की हरीला भीती म्हणून ठाऊकच नव्हती. या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. मी तिथेच उठून तसे बजावले, तर म्हाताऱ्याला सहन होत नाही असे समजून मला पाणी देण्यात आले. त्या होडीत दोनच माणसे होती. त्यांतला एक आता बोलणार नाही, म्हणून दुसऱ्याने हे लिहिणे भाग आहे.

मी जमीन मोजणी खात्यात होतो. पेणला खारबांध मोजायला गेलो तेव्हा मोजणीच्या साखळीचे दुसरे टोक हरीच्या हातात होते. तेव्हापासून तो मला 'मोजणीदार' म्हणत आला, अर्धे आदराने आणि अर्धे डिवचायला. नऊ वर्षांपूर्वी, दोघांचीही साठी उलटलेली असताना, कोलाडच्या एका तंबूवाल्याकडून आम्ही जुनी कॅनू आणली. दोघांपुरती, अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती. तिची चीर हरीने बुजवली. प्रवाहाविरुद्ध वल्हवत वर जायचे आणि दोन मुक्काम रानात करायचे, ही कल्पना मात्र माझी. हरी नाखूष होता. "खाडीचा पानी सहा तासांनी माघारी फिरतो, मोजणीदार. याला माघार ठाव नाय." तो घाबरला होता आणि ते त्याने लपवले नाही. मीही घाबरलो होतो. लपवण्याचे काम मी केले.

वरच्या वीजगृहातून सकाळी पाणी सोडतात आणि नदी पाहता पाहता फुगते, हे इकडे सर्वांना माहीत आहे. पहिल्या मुक्कामानंतर सकाळी चूल विझवताना हरीने सरळ विचारले, "आज पानी कवा सोडतील?"

"आज रविवार," मी म्हणालो. "कारखाने बंद, विजेला मागणी नाही. रविवारी पाणी येत नाही."

"नक्की?"

"हरी, चाळीस वर्षे मी या तालुक्यात काढली आहेत."

त्याने पुन्हा विचारले नाही. तिथीचा शब्दही कोणी काढला नाही.

मी पुढे, तो मागे. मोठ्या खडकाच्या आड पाणी संथ असते. तिथे दम घ्यायचा, मग नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, किंचित तिरकी धरून धारेतून पुढच्या खडकाआड सरकायचे. असे दोन उतार आम्ही चढलो. तिसऱ्याच्या ऐन मध्यावर हरीचे वल्हे थांबले. त्याने हात पाण्यात घातला होता. "पानी थंड झाला," तो हलकेच म्हणाला. वरून फेस आला, वाळका पाला आला. ज्या खडकाकडे आम्ही निघालो होतो तो माझ्या डोळ्यांदेखत बुडाला.

"मोजणीदार, पानी सोडलाय."

"आज रविवार आहे!" मी ओरडलो... होय, त्या क्षणीही मी वाद घातला.

"रविवार तुमच्या हापिसाला! वल्हा मारा!"

होडी वळवणे शक्य नव्हते. आडवी झाली की उलटलीच. मागे फिरता येत नव्हते, पुढे जाता येत नव्हते. पाण्याचा आवाज छातीत शिरला होता. माझी बोटे होडीच्या काठाला चिकटली आणि सुटेनात. वल्हे केव्हा वाहून गेले ते मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा हरीने मला शिवी दिली नाही. थरथरत्या आवाजात तो म्हणाला, "हातानी मारा. एकच हात मारा." मी मारला. "आता एक." मी मारला. "आता एक..." असे करत काठावरचे करंजाचे झाड जवळ आले. हरीने उजव्या हाताने फांदी धरली, डाव्याने माझी कॉलर. होडी पायाखालून निघून गेली. त्याच्या खांद्यात काहीतरी तुटल्यासारखा आवाज मी ऐकला.

आम्ही काठावर पडलो होतो तेव्हा वरच्या वाडीतली माणसे धावत आली. एकाने विचारले, "पाणी येतं ठाऊक नव्हतं काय?" मी तोंड पाण्याकडे फिरवले. ओलाचिंब हरी उठून बसला आणि हसला. "आमी खाडीवाले. आज अष्टमी, भांगाचा पानी, जोर नसतो... तिथीवर गेलो नं!" सगळे हसले. परतताना मी त्याला जाब विचारला, तर म्हणाला, "मना हसतील दोन दिस. तुमाला रोह्यात राहायचाय."

ते दोन दिवस नऊ वर्षे चालले. प्रत्येक लग्नात, प्रत्येक ओटीवर ती हकिगत निघे आणि मी गप्प बसे. पुराची भीती अर्ध्या तासात ओसरली होती. ही दुसरी भीती ओसरली नाही.

गेल्या आठवड्यात पेणला जाऊन मी हरीच्या बायकोला, वहिनींना, सारे सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मना ठाव हाय, भावोजी. घरी आला तवाच सांगला."

"मग बोलला नाहीत कधी?"

"तुमी कवा बोलता, ते बघत होता तो."

मी निघायला उठलो. खुंटीवर हरीचा सदरा अजून होता. त्या घरातल्या खुंट्या कमरेच्या जरा वर आहेत, आरसाही तसाच खाली. नातवंडांच्या सोयीसाठी असेल, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. सहज तसे म्हणालो.

"नाय वो, भावोजी," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "हात वर जात नव्हता त्याचा. होडीतून आला तवापासून. त्यानंच काढून खाली ठोकल्या... डाव्या हातानी."