नेस्ता प्रोबर्टची हिरवी गाडी

नेस्ता प्रोबर्टने आईची व्हॅन विकून दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा पेनरिऊ गावाला दोन आठवडे दुसरा विषय नव्हता.

ती व्हॅन सगळ्यांच्या ओळखीची होती. उंच छपराची, मागून उतरती फळी निघणारी. अकरा वर्षं नेस्ताने आईला चाकांच्या खुर्चीसकट त्यात चढवलं आणि उतरवलं. दवाखान्यात, चॅपेलमध्ये, केस कापायला. सप्टेंबरात आई गेली आणि नोव्हेंबरात व्हॅनही गेली. नेस्ताचं वय तेव्हा अठ्ठावन्न. शाळेच्या स्वयंपाकघरात ती मुलांचं जेवण करायची, लग्न केलेलं नव्हतं, आणि आपल्याला काय हवं हे तिने कधी कुणाला सांगितल्याचं मला तरी आठवत नाही.

तिची बहीण आयरलिस श्रूझबरीला असते. तिने फोनवर जे ऐकवलं ते नेस्तानेच मला नंतर सांगितलं.

"दोन सीटांची? अगं, मग आम्ही आलो की बसायचं कुठे?"

"तुम्ही येता कुठे?" नेस्ता म्हणाली.

फोन तिथेच संपला म्हणे.

मी मेरिग. गावाच्या खालच्या अंगाला, पुलाजवळ, माझं गॅरेज आहे. गाड्यांची वर्षाची सरकारी तपासणी मी करतो, त्यामुळे गावातली प्रत्येक गाडी मला पोटाखालून माहीत आहे. खरं सांगायचं तर माझंही मत आयरलिससारखंच होतं. अठरा वर्षांची उघड्या छताची गाडी, आमच्या पावसात, शाळेच्या पगारावर. मला वाटलं, बिचारीला दुःखात काही सुचत नाहीये.

पण ती गाडी तिने दुःखात घेतली नव्हती. दोन वर्षं आईच्या पलंगाशेजारी बसून तिने लायब्ररीतून आणलेली दुरुस्तीची पुस्तकं वाचली होती. नोव्हेंबरही मुद्दाम निवडलेला होता. "उन्हाळ्यात त्या गाडीला दहा गिऱ्हाईकं असतात," ती मला म्हणाली. "पावसात मी एकटीच होते. म्हातारा चहा पाजून वर तीनशे पौंड कमी करत होता." विकणारा एक निवृत्त औषधवाला होता. नेस्ताने त्याच्या दारात गुडघ्यांवर बसून गालिच्याखाली हात घालून ओल पाहिली होती, इंजिन गार असताना एकदा आणि तापल्यावर एकदा सुरू करून घेतलं होतं, जुन्या पावत्या तारखेप्रमाणे लावून बघितल्या होत्या. अठराशे पौंडांत सौदा झाला. व्हॅनचे उरलेले पैसे तिने टायर आणि विमा यांसाठी बाजूला ठेवले. वर्षाला चार हजार मैलांच्या आतच चालवीन असं लिहून दिल्यामुळे विमाही स्वस्तात पडला.

एकच गोष्ट तिच्या नजरेतून सुटली. गाडीच्या पोटाला कुणीतरी नुकताच जाड काळा रंग फासला होता.

जानेवारीत ती तपासणीला आली. मी गाडी लिफ्टवर चढवली आणि दाराखालच्या पत्र्याच्या पेटीवर, जिला आम्ही उंबरा म्हणतो, पेचकसाच्या टोकाने ठोकलं. दोनदा ठक्क आवाज आला. तिसऱ्यांदा आवाजच आला नाही, पेचकस त्या काळ्या रंगातून मुठीपर्यंत आत गेला.

नेस्ता शेजारीच उभी होती. गंजाचा चुरा तिच्या बुटावर पडला, तो तिने वाकून बोटाने पुसला.

"दोन्ही बाजू?" तिने विचारलं.

"दोन्ही. छताचं पाणी वाहून जायला मागे दोन नळ्या असतात. त्या पानांनी तुंबल्या, आणि पाणी इथे साठत राहिलं. कितीतरी वर्षं."

"किती खर्च?"

मी आकडा सांगितला. गाडीच्या किमतीपेक्षा थोडासाच कमी होता. मी स्वतःच पुढे म्हणालो, "नेस्ता, इंजिन चांगलं आहे. सुटे भाग म्हणून विकलीस तर तुझे बरेचसे पैसे सुटतील."

"पत्रा घासायचं काम किती आणि वेल्डिंगचं किती?"

"म्हणजे?"

"म्हणजे जे कुणालाही करता येईल ते किती, आणि जे तुलाच करावं लागेल ते किती?"

मी जरा विचार केला. तीन हिस्से घासणं, उघडणं, रंग. एक हिस्सा वेल्डिंग.

"मग ते तीन हिस्से माझे," ती म्हणाली. "दर शनिवारी येईन. आणि तुझ्या एका हिश्श्याचं असं करू, की मी बुधवारी दुपारी तुझ्या बाबांकडे बघते. आंघोळ, कपडे, जेवण. बुधवारी तुला भाग आणायला बाहेर जावं लागतं ना? तेव्हा ते एकटे असतात."

हे तिला कसं माहीत होतं, मी विचारलं नाही. आमचं घर गॅरेजच्या मागेच आहे. माझे वडील इडवल यांना दोन वर्षांपूर्वी झटका आला होता. डावी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. छत्तीस वर्षं त्यांनी दुधाचा टँकर चालवला होता. या डोंगरांतल्या एकूण एक गोठ्याच्या अंगणात तो उलटा घेऊन लावला होता. आणि झटक्यानंतर ते फाटकाच्या बाहेर एकदाही गेले नव्हते. खुर्ची चढवणारी टॅक्सी मागवली की म्हणायचे, "मी काय कपाट आहे?" शेजारचे भेटायला आले की झोपल्याचं सोंग घ्यायचे. मी आग्रह करणं सोडून दिलं होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

तर असा आमचा सौदा झाला. शनिवारी नेस्ता शाळेचा जुना एप्रन घालून यायची, डोळ्यांना चष्मा लावून ग्राइंडर चालवायची. पहिल्या दिवशी ग्राइंडरचं चाक पत्र्यावरून सारखं घसरत होतं, तिसऱ्या शनिवारी ती माझ्या घासण्यातल्या चुका दाखवायला लागली. तुंबलेल्या नळ्या तिने पडद्याच्या जुन्या स्प्रिंगने स्वतःच मोकळ्या केल्या. दारांचे आतले पत्रे भंगारवाल्याकडून, अपघातात गेलेल्या तसल्याच गाडीचे, निम्म्याहून कमी किमतीत आणले. मार्चच्या शेवटी गाडी तपासणीत पास झाली. माझ्या कामाला मी चांगलं म्हणत नाही सहसा, पण ते उंबरे मूळच्यापेक्षा जाड होते.

बुधवारी घरात काय चालायचं ते मला अर्धवटच माहीत आहे. एवढं दिसायचं की बाबांची दाढी झालेली असायची आणि ते चिडलेले असायचे, म्हणजे पहिल्यासारखे असायचे.

एप्रिलमध्ये एका बुधवारी मी लवकर परतलो. नेस्ताने बाबांची खुर्ची मागच्या दारात आणून ठेवली होती. समोर हिरवी गाडी, छत उघडं.

"मेरिग, बरं झालं आलास," ती म्हणाली. "यांना बसवायचंय."

"कशात?"

"टोपलीत," बाबा म्हणाले. उजव्या हाताने त्यांनी गाडीकडे बोट केलं.

"आणि खुर्ची कुठे ठेवशील? त्या डिकीत खुर्चीचं एक चाक नाही मावणार."

"खुर्ची न्यायचीच नाहीये," नेस्ता म्हणाली. "तेच तर त्यांना हवंय. उतरायचं नाही, नुसतं हिंडायचं."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी डोळे चुकवले नाहीत.

आत बसवणं सोपं गेलं. नेस्ताजवळ आईच्या वेळची गुळगुळीत फळी होती. खुर्चीपासून सीटपर्यंत ती तिरकी टेकवली, बाबांच्या खाली प्लॅस्टिकची पिशवी सरकवली, आणि ते घसरगुंडीवरून यावेत तसे खाली सीटमध्ये गेले. डोक्याला अडायला छत नव्हतंच. गाडी निघाली तेव्हा बाबांचे पांढरे केस उभे राहिले होते. तासाभराने परत आले. आणि मग बाहेर काढायला आम्हाला पाऊण तास लागला. सीट जमिनीपासून वीतभर उंच, खुर्ची त्याच्या कितीतरी वर, आणि बाबा ऐंशी किलो. मी मागून काखेत हात घातले, नेस्ताने पाय धरले. मधेच बाबांना हसू आलं आणि हसणारा माणूस उचलता येत नाही. शेवटी आम्ही तिघंही अंगणात बसलो होतो, दोघं फरशीवर आणि एक खुर्चीत.

"हे काही परत जमायचं नाही," मी दम खात म्हणालो.

नेस्ता गॅरेजकडे बघत होती. "तुझी ती लिफ्ट," ती म्हणाली. "हळू चढते का?"

"हवी तेवढी हळू. पण आत माणूस बसलेला असताना गाडी वर घ्यायची नसते. नियमात बसत नाही."

"वर कुठे? मांडीएवढी. खुर्चीच्या बरोबरीला."

मी नाही म्हणालो. पुढच्या बुधवारी हो म्हणालो. बाबा आत, सीटचा पट्टा बांधलेला, मी बटणावर, नेस्ता दाराशी. गाडी दीड वीत वर आली, सीट आणि खुर्ची एका पातळीत झाल्या, फळी आडवी झाली आणि बाबा सरकून खुर्चीत आले. तीन मिनिटं. त्या दिवसापासून दर बुधवारी, पाऊस नसला की, हेच.

ते कुठे जात होते हे मला जूनमध्ये कळलं. ब्रेकचा आवाज ऐकायला म्हणून मी मागून माझी गाडी घेऊन गेलो होतो. समुद्राकडे जातील असं मला वाटलं होतं. पण बाबांनी तिला वरच्या रस्त्याला वळवलं, मग डावीकडे, मग दगडी भिंतींमधल्या बोळातून. त्यांचाच जुना दुधाचा रस्ता होता, गोठ्यामागून गोठा. बोलणं अडखळत असलं तरी उजव्या हाताने ते रस्ता दाखवत होते, आणि कुठल्या वळणावर गाडी पोटाला घासेल तेही.

ब्रिनग्लास नावाच्या गोठ्याच्या अंगणात गाडी थांबली. नेस्ताने हॉर्न वाजवला. गोठ्यातून तिथला मालक कारवेन बाहेर आला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, गमबूट घातलेला.

"इडवल," तो म्हणाला. "उशीर झाला तुम्हाला. दूध नासलं."

"टँकर," बाबा शब्द जुळवत म्हणाले, "लहान... मिळालाय."

कारवेन दारावर कोपर टेकून वाकला आणि ते दोघं बोलत राहिले. मी लांब गाडीत बसून बघत होतो. खुर्ची कुठे दिसत नव्हती, घोंगडी नव्हती, कुणी हळू आवाजात तब्येत विचारत नव्हतं. एक माणूस त्याच्या ओळखीच्या अंगणात गाडीत बसला होता आणि दुसरा दाराशी उभा राहून दुधाच्या भावाला शिव्या देत होता. निघताना कारवेनने नेस्ताच्या मांडीवर अंड्यांचा पुठ्ठा ठेवला, कारण दुसरी जागाच नव्हती.

मी ब्रेकचा आवाज ऐकायचं विसरून गेलो.

त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी चौदा गोठे केले. घरी शेजारी आले की बाबा आता झोपेचं सोंग घेत नसत. शब्द परत आले असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण असलेले शब्द ते वापरायला लागले. एकदा जेवताना ते मला म्हणाले, "पोरगी गिअर बरा टाकते." आयुष्यात माझ्या गिअर टाकण्याबद्दल ते कधी चांगलं बोलले नव्हते.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत बाबा गेले. घरीच, सकाळी, चहा घेतल्यानंतर. चॅपेलमध्ये त्या डोंगरांवरची माणसं मावेनात. माझ्या हातात हात देऊन प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या बुधवारची गोष्ट सांगत होता. नेस्ता मागच्या बाकावर आयरलिसशेजारी बसली होती. आयरलिस श्रूझबरीहून आगगाडीने आली होती, आणि स्टेशनवरून गावापर्यंत त्या दुसऱ्या सीटवर बसून आली होती. ती मला म्हणाली, "कमरेची वाट लागली माझी. पण बहीण शेजारी बसून जितकी बोलली, तितकी ती वीस वर्षांत बोललेली नाही."

त्यानंतर महिनाभराने मी नेस्ताला सांगितलं की तुझ्या गाडीच्या कामाचे पैसे मी यापुढे घेणार नाही. ती एप्रनला हात पुसत होती.

"का?"

"तुला माहीत आहे का ते."

"मेरिग, अकरा वर्षं मी आईला उचललं," ती म्हणाली. "ती गेली तेव्हा मला वाटलं, आता हे हात कशाला आहेत. तुझ्या बाबांनी मला दर बुधवारी वाट दाखवली. हिशेब करायचाच असेल तर मी तुझी देणेकरी निघेन. भागांचे पैसे मी देणार, मजुरीचं तू बघ."

त्यावर आम्ही दोघं राजी झालो.

नेस्ता आता त्रेसष्टची आहे आणि गाडी तेवीस वर्षांची. तेल ती स्वतः बदलते, शरद ऋतूत दर रविवारी नळ्यांतली पानं काढते, पेट्रोल जपून जाळते. गेल्या जूनमध्ये शाळेतून निवृत्त झाली आणि त्याच आठवड्यात एकटी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला गेली, नऊ दिवस. वाटेत सायलेन्सरचा टेकू तुटला. कुंपणाच्या तारेने तिने तो बांधला, आणि घरी आल्यावर मी तपासला तर त्याला हात लावायची गरज नव्हती. मी तरीही बदलला, कारण तार ती तार.

या वर्षीच्या तपासणीचा कागद मी तिला परवाच दिला. पुढचा डावा टायर वर्षभर टिकणार नाही, असा एक शेरा होता. तिने तो वाचला, चष्मा खाली केला आणि म्हणाली, "ऑक्टोबरपर्यंत ओढेल. तेव्हा स्वस्त मिळतात."